न्यायमूर्ती नेसेट यांचं फार चांगलं वाक्य

तुम्ही न्यायमूर्ती कसे झालात, असं कुणी विचारलं की ऑर्लिन नेसेट म्हणायचा, "तिघांनी नको म्हटलं म्हणून." लोक हसायचे. पण त्यात विनोद काहीच नव्हता. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातली एक खुर्ची मुदतीआधीच रिकामी झाली, तेव्हा गव्हर्नरांनी खरंच आधी तीन नामांकित वकिलांना विचारून पाहिलं होतं. एकाला पगार परवडेना. दुसऱ्याच्या बायकोला राजधानी परवडेना. तिसऱ्याने विचाराला वेळ मागितला आणि विचार करता करता तो कॅनडाच्या बाजूला मासे धरायला निघून गेला. चौथं नाव ऑर्लिनचं होतं.

तो त्या वेळी नॉर्बीच्या जिल्हा कोर्टात बसला होता. एका डुकरावरून दोन सख्खे भाऊ भांडत होते आणि दोघांच्याही मते डुक्कर आपल्याकडे बघून ओळख देत होतं. कोर्टाच्या कारकूनबाई, आर्डिस फॉस, पुढे आल्या आणि त्याच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "गव्हर्नरांचा फोन आहे. घे जा. डुक्कर थांबेल."

नॉर्बी हे आमच्या उत्तरेकडच्या गव्हाच्या पट्ट्यातलं गाव. धान्याची दोन कोठारं, एक बँक, एक कॅफे आणि दोन लुथरन चर्चं, ज्यांचं एकमेकांशी का पटत नाही हे आता दोघांनाही आठवत नाही. ऑर्लिनचा बाप धान्याच्या कोठारावर वजनकाट्याशी उभा असायचा. मुलाने शेतीत पडावं असं त्याला फार वाटे, म्हणून चौदाव्या वर्षी त्याने ऑर्लिनला मामाच्या कापणीयंत्रावर बसवलं. ऑर्लिनने ते यंत्र सरळ तळ्यात नेलं. मामाने बाहेर येऊन बुडणाऱ्या यंत्राकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "ह्याला शिकवा." आमच्याकडे माणूस वकिलीला लागतो तो असा.

तर असा हा ऑर्लिन शिकला, गावात परतला, बँकेच्या वरच्या खोलीत पाटी लावून मृत्युपत्रं आणि कुंपणं ह्यांच्यावर पोट भरू लागला, मग गावाच्या कोर्टात न्यायाधीश झाला आणि पन्नाशीत राजधानीला गेला. बायको मार्लिस शाळेत गाणं शिकवायची. ती म्हणाली, चल, नाहीतरी इथल्या मुलांना सूर नाही. काळा झगा अंगावर चढवून ऑर्लिन पहिल्यांदा आरशासमोर उभा राहिला, तेव्हा न्यायसंस्थेचा एक मोठा आधार त्याच्या लक्षात आला. झग्यात पोट दिसत नाही.

त्याच्या अंगात एक कसब होतं आणि त्या कसबानेच पुढे त्याचा घात केला. त्याला वाक्यं सुचायची. निकालपत्र म्हणजे साधारणपणे वाळवलेल्या माशासारखं असतं, टिकाऊ आणि बेचव. ऑर्लिनच्या निकालात मात्र एखादं तरी वाक्य असं यायचं की वकील मंडळी ते वार्षिक जेवणाच्या वेळी पेला हातात घेऊन म्हणून दाखवायची. ऑर्लिन तेव्हा खाली ताटात बघून लाजल्याचा अभिनय करायचा. अभिनय वाईट होता. तिसऱ्या रांगेतूनही कळायचं की गडी खूश आहे.

पाच न्यायमूर्तींच्या त्या कोर्टात मुख्य न्यायमूर्ती होत्या बर्नाडेट शॅफ. त्या प्रत्येक शब्दामागे दंड बसतो अशा बेताने लिहीत. त्या एकदा ऑर्लिनला म्हणाल्या होत्या, "तुझा निकाल वाचून हसू येतं रे. हरलेल्याला येतं का, ते एकदा विचारून बघ."

त्याला वाटलं, बाईंना मत्सर वाटतो.

आता ते प्रकरण. नॉर्बी हे जिल्ह्याचं ठिकाण होतं. म्हणजे कोर्ट तिथे, जमिनीचं दप्तर तिथे, लग्नाचे परवाने तिथे. कामासाठी आलेला माणूस कॅफेत जेवणार, बँकेत डोकावणार, जाताना खिळे घेऊन जाणार, आणि त्याच्यावर गाव जगणार. पलीकडे महामार्गाला लागून कॅल्डर नावाचं गाव फुगत चाललं होतं. त्यांनी मागणी केली की जिल्ह्याचं ठिकाण आमच्याकडे द्या. फेब्रुवारीत जिल्हाभर मतदान झालं. नॉर्बी जिंकलं, पण अगदी थोडक्यात, आणि ती थोडकी मतं आली होती टपालाने, ॲरिझोनाहून.

आमच्याकडे हाडं थकली की माणसं हिवाळ्यापुरती दक्षिणेला जातात. आम्ही त्यांना पाखरं म्हणतो. वाळवंटात पत्र्याच्या घरांच्या वसाहती आहेत, तिथे ही पाखरं शेजारीशेजारी बसून आपल्याकडे किती थंडी पडली ते फोनवर ऐकतात आणि खूश होतात. एप्रिलमध्ये परत. कॅल्डरवाल्यांनी दावा लावला, की ही मंडळी मतदानाच्या दिवशी इथे राहतच नव्हती, त्यांची मतं रद्द करा.

दावा वर आला तेव्हा ऑर्लिनने खरं तर बाजूला व्हायला हवं होतं का? गाव त्याचं. पण त्या नियमाने चालायचं तर आमच्या राज्यात प्रत्येक खटल्याला परदेशातून न्यायाधीश मागवावे लागतील. इथे कोण कुणाचा मेहुणा नाही? दोन्ही पक्षांनीही हरकत घेतली नाही. आणि ऑर्लिनच्या मनात एक गुपचूप आनंद होता. आपल्याच गावाविरुद्ध निकाल देणारा न्यायाधीश! कोर्टाच्या मार्गिकेत जुन्या न्यायमूर्तींची तैलचित्रं आहेत. त्यांच्यात आपलं चित्र कसं दिसेल, हनुवटी किती वर, हे त्याने मनात ठरवूनही टाकलं.

आणि मग ते वाक्य सुचलं. आंघोळीच्या टबात, केस चोळताना. खटल्याच्या फायली तोवर उघडल्याही नव्हत्या.

"ज्या दारातला बर्फ माणूस स्वतः उपसतो, ते त्याचं घर."

तो टबातून तसाच उठून मार्लिसला सांगायला गेला. ती म्हणाली, "छान आहे. पुसून घे."

एवढं छान वाक्य वाया कसं घालवायचं? फायली मग त्याने त्या वाक्याच्या उजेडात वाचल्या. तीन विरुद्ध दोन मतांनी पाखरांची मतं रद्द झाली आणि निकाल ऑर्लिनने लिहिला. बर्नाडेट शॅफ विरोधात होत्या. वर्तमानपत्रांनी वाक्य चौकटीत छापलं. कॅल्डरमध्ये एका दुकानदाराने ते टोपीवर छापून टोप्या विकल्या. जिल्ह्याचं ठिकाण कॅल्डरला गेलं. सप्टेंबरात मालट्रक येऊन नॉर्बीचं दप्तर उचलणार असं ठरलं.

नॉर्बीने पुनर्विचाराचा अर्ज केला. असे अर्ज म्हणजे हरलेल्याने वाढलेलं ताट परत स्वयंपाकघरात पाठवण्यासारखं असतं, बहुतेक वेळा तेच गरम होऊन परत येतं. पण अर्ज आला म्हणजे प्रकरण पुन्हा जिवंत झालं, आणि जिवंत प्रकरणावर न्यायाधीशाने बाहेर चकार शब्द काढायचा नसतो.

ह्यात भर म्हणून निवडणूक. आमच्या राज्यात न्यायमूर्तीला दर दहा वर्षांनी लोकांपुढे उभं राहून मतं मागावी लागतात. मागायची मतं, पण कशावर काय मत आहे ते सांगायचं नाही. म्हणजे ऑर्लिन गावोगावच्या जत्रांत जाऊन काय म्हणणार? "नमस्कार, मी ऑर्लिन नेसेट. मी काय करीन ते मला सांगता येत नाही. मत द्या." मागच्या खेपेला विरोधात कुणी नव्हतं, त्यामुळे तो प्रचंड बहुमताने जिंकला आणि ते आपल्या लोकप्रियतेमुळे असं समजून बसला. ह्या खेपेला क्रेग लिंडव्हाल नावाचा मोठ्या शहरातला वकील उभा होता. उंच, दात शुभ्र, आणि कापणीयंत्र चालवता येणारा. त्याने तसा फोटोच छापला होता.

चार जुलैच्या, म्हणजे स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीला नॉर्बीत जावंच लागतं. उमेदवार चालतात आणि मुलांकडे गोड गोळ्या फेकतात. ऑर्लिन दरवर्षी बँडच्या मागे असायचा. ह्या वर्षी त्याला घोड्यांच्या मागे जागा दिली होती. घोडे बरेच होते आणि त्यांनी सकाळी पोटभर खाल्लेलं दिसत होतं. पांढऱ्या बुटांत वाट काढत, गोळ्यांची पिशवी सांभाळत तो निघाला आणि मुख्य रस्त्यावर वळला मात्र, तिथे त्याचे पाय अडखळले.

रस्त्याच्या दोन्ही कडांना गाव उभं होतं. ऊन रणरणत होतं. आणि प्रत्येकाच्या खांद्यावर बर्फाचं फावडं होतं. म्हाताऱ्यांच्या, बायकांच्या, शेंबड्या पोरांच्यासुद्धा. कुणी ओरडलं नाही, कुणी शिवी दिली नाही. नुसते गंभीर चेहऱ्याने बघत राहिले. ऑर्लिनने गोळ्या फेकल्या, त्या कुणी उचलल्या नाहीत. गॅरेजवाला डेल स्ट्रॅंड रांगेतून पुढे आला, त्याने आपलं फावडं ऑर्लिनच्या हातात दिलं आणि घोड्यांनी मागे ठेवलेल्या ढिगाकडे बोट दाखवून अदबीने म्हणाला, "साहेब, उपसा. म्हणजे घरच्यासारखं वाटेल."

ऑर्लिनने उपसलं. काय करणार? नाही म्हणणं हे प्रकरणावर भाष्य झालं असतं.

मिरवणूक संपल्यावर चर्चच्या तळघरात पाय असतो, म्हणजे पिठाच्या पारीत फळं भरून भाजलेला गोड पदार्थ. घरोघरच्या बायका भाजून आणतात. रुबार्ब नावाच्या आंबट देठांच्या पायमागे सुरी घेऊन आर्डिस फॉस उभ्या होत्या. ऐंशी ओलांडलेल्या, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, चर्चचा ऑर्गन मात्र अजून त्याच वाजवत. नॉर्बीच्या कोर्टात त्यांनी ऑर्लिनला अकरा वर्षं सांभाळलं होतं. सांभाळलं हाच शब्द.

"काय देऊ?" त्या म्हणाल्या. "बाहेरगावच्यांनाही देतो आम्ही."

"आर्डिसबाई, मला प्रकरणाबद्दल बोलता येत नाही."

"प्रकरणाबद्दल कोण बोलतंय? मी पायबद्दल बोलतेय." त्यांनी तुकडा कापला, ताटलीत ठेवला, पण ताटली हातातच धरून ठेवली. "तुला एक विचारते. माझा नवरा इथल्या टेकडीवर पुरलाय. त्याच्या शेजारी माझं नाव कोरून ठेवलंय, फक्त सालाची जागा मोकळी आहे. मी हिवाळाभर त्या पत्र्याच्या डब्यात जाऊन बसते, कारण इथल्या थंडीत मला जिना उतरता येत नाही. तिथल्या बायका विचारतात, आपण कुठल्या? मी आजवर नॉर्बी सांगत आले. आता काय सांगू रे?"

मागे रांग उभी होती. सगळी रांग ऐकत होती.

"मला उत्तर देता येत नाही," ऑर्लिन म्हणाला.

"घाई नाही. ऑक्टोबरात मी तिकडे निघेन, तोवर सांग," म्हणून त्यांनी ताटली दिली. "क्रीम हवं?"

नियम असा, की चालू प्रकरणावर कुणी न्यायाधीशाशी बोललं तर ते दोन्ही बाजूंच्या वकिलांना कळवायचं. ऑर्लिनने प्रामाणिकपणे कळवलं: एका नागरिकाने पाय वाढताना न्यायमूर्तींना तुम्ही मला कुठली समजता असं विचारलं, न्यायमूर्तींनी उत्तर दिलं नाही, पाय खाल्ला. दोन्ही वकिलांनी हरकत नसल्याचं कळवलं.

परतीच्या वाटेवर गाडी मार्लिस चालवत होती. दोन्ही बाजूंना गहू आणि पुढे सरळ रस्ता, ज्याला वळण नाही आणि म्हणून माणसाला बोलण्यावाचून सुटका नाही. ऑर्लिनने कायदा म्हणजे कायदा, गाव म्हणजे गाव, असं एक छोटं भाषण केलं. मार्लिसने ते ऐकून घेतलं. मग विचारलं, आपल्याकडचा बर्फ कोण उपसतं?

"सोसायटीचा माणूस येतो ना. यंत्र घेऊन."

"नाव काय त्याचं?"

"मला काय माहीत?"

"बघ म्हणजे," मार्लिस म्हणाली. "इतकी वर्षं आपण त्याच्या घरात राहतोय आणि नावसुद्धा विचारलं नाही."

ऑर्लिन हसला. मग त्याचं हसू हळूहळू विझलं. राजधानीत आल्यापासून त्याने फावड्याला हात लावला नव्हता. लावला तो आज, आणि तोही घोड्यांसाठी. त्याच्या स्वतःच्या निकालाप्रमाणे बघायला गेलं तर न्यायमूर्ती नेसेट हे राज्यात कुठेच राहत नव्हते. मत मागायला उभे होते, पण स्वतःला एक मत द्यायला पात्र नव्हते.

दुसऱ्या दिवशी तो कचेरीत दार लावून बसला आणि ती फाईल त्याने पहिल्यांदा वाचली. आधी वाचली होती ती वाक्यासाठी. आता वाक्य बाजूला ठेवून वाचली. कायद्यात साधं लिहिलेलं होतं: परत येण्याच्या इराद्याने काही काळ दूर गेलेल्या माणसाचं घर मोडत नाही. हे कलम त्याने मागच्या वेळी पाहिलंच नव्हतं असं नाही. पाहिलं होतं, आणि तळटीपेत, बारीक अक्षरात, दोन जुन्या खटल्यांच्या खाली पुरून टाकलं होतं. कारण ते वर आलं असतं तर वाक्य पडलं असतं.

म्हणजे कायद्याने गावाला हरवलंच नव्हतं. गावाला हरवलं होतं एका आंघोळीने.

चूक झाली तर ती दुरुस्त करावी, हे तर शाळेतल्या पोरालाही कळतं. पण आता चूक सुधारायची म्हणजे निवडणुकीच्या तोंडावर, आपल्या गावाच्या बाजूने, फावड्यांची मिरवणूक पाहून आल्यावर! अख्खं राज्य म्हणेल, नेसेट मतांसाठी फिरला. दहा वर्षांची खुर्ची तर जाईलच, वर नावही जाईल. निवडणूक होईपर्यंत थांबावं, तर सप्टेंबरात ट्रक येणार. आता बाजूला व्हावं, तर दोनास दोन पडून जुना निकाल कायम. तीन वाटा, आणि तिन्हींच्या टोकाला तळं.

तो बर्नाडेट शॅफ यांच्या खोलीत गेला. बाई खिडकीतल्या झाडांची वाळकी पानं काढत होत्या. ऑर्लिनने सगळं सांगितलं, आंघोळीसकट. त्यांनी मान वर केली नाही.

"आता बदललंस तर लोक म्हणतील विकला गेला," त्या म्हणाल्या. "निवडणुकीनंतर बदललंस तर दुरुस्त करायला काही उरणार नाही. आणि मी तुला सल्ला देऊ शकत नाही, मी विरुद्ध बाजूला होते."

"मग काय देऊ शकता?"

"कॉफी."

कॉफी पिताना त्या एवढंच म्हणाल्या, की सगळ्यांनाच कधी ना कधी चूक कबूल करावी लागते, फक्त बहुतेकांना ती सोयीच्या वेळी करता येते.

ऑर्लिन महिनाभर झोपला नाही, असं लिहायला बरं वाटलं असतं. तो झोपायचा आणि घोरायचाही, मार्लिस साक्षीदार आहे. पण जागेपणी त्याने स्वतःला पुष्कळ छळलं. सत्यासाठी खुर्चीवर पाणी सोडणारा न्यायमूर्ती, हे चित्रसुद्धा त्याने मनात काढून पाहिलं. ह्या चित्रात हनुवटी आणखी वर होती. मग त्याला स्वतःचीच शिसारी आली. अरे, तूच खड्डा खणायचा, तूच पडायचं, आणि पडताना हनुवटी कशी दिसते ते बघायचं! हुतात्म्याचा झगाही काळाच असावा आणि त्यातही पोट दिसत नसावं. शेवटी त्याला समजलं की हेतू अगदी धुतल्या तांदळासारखा होईपर्यंत वाट बघितली तर ट्रक येऊन जातील. हेतू कसाही असो, आर्डिसबाई नॉर्बीच्याच होत्या.

ऑगस्टमध्ये त्याने मत फिरवलं. नवा निकाल त्यानेच लिहायचा ठरला. तो एका पानात बसला. त्याने खाली लिहिलं: "मागील निकालातलं माझं वाक्य मी मागे घेतो. ते चांगलं होतं, पण बरोबर नव्हतं."

बर्नाडेटबाईंनी तो कागद वाचला आणि पेन्सिलने शेवटच्या ओळीवर काट मारली.

"का?" ऑर्लिन कळवळला.

"हेही वाक्यच आहे."

त्याने बघितलं. होतं खरं. त्याने ते खोडलं आणि त्या जागी लिहिलं, मागील निकाल देताना माझी चूक झाली होती. इतकी रुक्ष ओळ त्याच्या हातून आयुष्यात उतरली नव्हती. ती ओळ कुठल्याही वर्तमानपत्राने चौकटीत छापली नाही.

पुढे जे व्हायचं तेच झालं. कॅल्डरमध्ये त्या टोप्या चौकात जाळल्या. लिंडव्हालने रेडिओवर जाहिरात दिली, तिच्यात नुसता वारा वाहत असल्याचा आवाज आणि मग एक खोल गळा: न्यायमूर्ती नेसेट. वारा येईल तिकडे. जाहिरात उत्तम होती, ऑर्लिनलाही ती आवडली. ज्यांचं भलं झालं ते तरी खूश असावेत? नॉर्बीच्या कॅफेत मत पडलं की फावड्यांना घाबरला गडी, आपण घेतलीच नसती तर बदलला नसता. म्हणजे जे कॅल्डर म्हणत होतं तेच नॉर्बी म्हणत होतं, फक्त अभिमानाने. ऑर्लिनला उत्तर देता आलं असतं, प्रकरण आता संपलं होतं. पण सांगणार काय? की मी घाबरलो नाही, मी फक्त आधी वाचलं नव्हतं?

तो लिंडव्हालकडून हरला. अटीतटीने वगैरे नाही, चांगला सपशेल हरला. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं राहिलं, आणि तेही सरकारी म्हणून परत करावं लागलं. नॉर्बीने मात्र त्याला भरभरून मतं दिली, असं त्याला सगळ्यांना सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. नॉर्बीत तो जिंकला खरा, पण इतक्या मतांनी ते भावांचं डुक्करही जिंकलं असतं.

निकालानंतरच्या सकाळी ॲरिझोनाहून फोन आला. आर्डिसबाईंनी आधी हवा सांगितली, मग गुडघे सांगितले, मग म्हणाल्या, हरलास म्हणे.

"हरलो. तुम्ही मत कुणाला दिलंत?"

"मतदान गुप्त असतं, ऑर्लिन. तू न्यायाधीश होतास ना?"

"होतो."

"बरं. काल एक नवी बाई आलीय शेजारच्या डब्यात. विचारत होती, कुठल्या. मी सांगितलं." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला, कारण लांबच्या फोनचे पैसे पडतात ह्यावर त्यांचा अजून विश्वास होता.

वसंतात नेसेट दांपत्य नॉर्बीला परतलं. ऑर्लिनने बँकेच्या वरची तीच खोली घेतली, फक्त आता जिना चढताना तो मध्ये थांबून भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये रस दाखवायचा. पहिला अशील आला डेल स्ट्रॅंड, गॅरेजवाला. शेजाऱ्याने खणलेल्या चरातून पाणी त्याच्या आवारात येत होतं. दुसरा वकील हवा तर तो कॅल्डरहून आणावा लागला असता, म्हणून डेलने नाइलाजाने ऑर्लिनला पत्करलं.

दावा निघाला तो नॉर्बीच्या कोर्टात, जिथे ऑर्लिनने इतकी वर्षं काढली होती. तीच तपकिरी बाकं, आणि तोच रेडिएटर, जो बरोबर उलटतपासणीच्या वेळी ठोके द्यायचा. न्यायाधीशांची जागा आता हायडी ब्रॅंट नावाची एक तरुण बाई सांभाळत होती. ऑर्लिनने कागद लावले, घसा साफ केला, सुरुवातीला म्हणायला चराबद्दल एक वाक्य मनात तयार होतं ते बळेच गिळलं आणि तो खुर्चीत ऐसपैस बसला. मागचं दार उघडलं.

"सगळ्यांनी उभं राहावं," पट्टेवाल्याने पुकारलं.

सगळे उठले. बाकं करकरली. ऑर्लिन प्रसन्न, समजूतदार चेहऱ्याने सगळे उठून होण्याची वाट पाहत बसून राहिला. इतकी वर्षं तो हेच करत आला होता: लोक उभे राहिले की आपण आत यायचं आणि बसायचं. ब्रॅंटबाई आपल्या जागेशी येऊन थांबल्या. त्या बसेनात. पट्टेवाला छताकडे बघू लागला. ऑर्लिनलाही कळेना की कुणासाठी थांबलेत.

डेल खाली वाकला आणि त्याच्या कानात हळूच म्हणाला, "साहेब, तुम्ही राहिलात."

ऑर्लिन उठला. उठताना त्याचा गुडघा कटकन वाजला, आणि तो रेकॉर्डवर घ्यायचा का म्हणून लघुलेखक बाईने वर पाहिलं.